साळूबाई सिस्टरची सागवानी पेटी

१

हे मी लिहिणारच नव्हतो. माझा मित्र महेंद्र, शेजारचा पेटीवाला, म्हणाला होता, झालं ते झालं, आता परत चिवडू नको. मलाही ते पटलं होतं. शिवाय मी काही लेखक नाही. बारावीनंतर मोबाईलवर व्हिडिओ बघून डिझाइन शिकलो, भिंगारमध्ये फ्लेक्सचं दुकान टाकलं, आणि आजपर्यंतचं माझं सगळं लिखाण म्हणजे वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा आणि भावपूर्ण श्रद्धांजली. पण काल चर्चच्या कमिटीचं पत्र वाचलं आणि डोकं फिरलं. म्हणून दोन ऑर्डरींच्या मधे, जमेल तसं, टाइप करतोय. चुकलं तर चुकलं.

शुक्रवारी सकाळी अकराला साळूबाई सिस्टरची माती होती. साळूबाई म्हणजे आमच्या भागातली सगळ्यात जुनी नर्स. चौऱ्याऐंशी वर्षांची. अर्धं भिंगार तिच्या हातात जन्मलं, त्यात मीपण. दफनभूमीच्या गेटावर तिचा फ्लेक्स बांधायला मी शिडीवर चढलो होतो, म्हणून मला सगळं वरून दिसलं.

चर्चपासून गेटापर्यंत पेटी खांद्यावर आली. सहा खांदेकरी. गेट अरुंद आहे, खांद्यावरून पेटी आत जात नाही. तिथं ती खाली घेतात आणि बाजूच्या पितळी कड्यांना धरून नेतात. तशी घेतली. चार पावलं गेली असतील. कर्रकन आवाज झाला आणि पेटीचा तळ सुटून एका बाजूनं लोंबला.

पुढचं मी लिहिणार नाही. एवढंच सांगतो की पांढरी साडी मातीत पडली, आणि सीमाताई, म्हणजे सिस्टरची मुलगी, तिच्यावर पालथी पडली. लोकांना दिसू नये म्हणून.

मग उत्तमराव पुढे आले. उत्तमराव सिस्टरचा मुलगा. एमआयडीसीत त्यांची कंपनी आहे, सावेडीत बंगल्याचं काम चालू आहे. त्यांच्या कंपनीचे स्टिकर मीच छापतो, वरच्या दिशेचा बाण आणि काचेचा पेला. त्यांनी तळाची तुटलेली फळी उचलली, वर धरली, सगळ्यांना दाखवली.

"हे सागवान आहे का? बघा. माझ्या आईचं सागवान विकून खाल्लं त्या महेंद्रनं."

रडत रडत बोलले. खोटं कशाला सांगू, शिडीवर माझेपण डोळे भरले.

तो फ्लेक्स माझ्या हातातच राहिला. माती दुसऱ्या पेटीत झाली. ती पेटी कल्याणच्या गाडीत तयार होती. कल्याण म्हणजे नवीन अंत्यविधी सर्व्हिसवाला, त्याची एसी गाडी गेटाबाहेरच उभी होती. जरा जास्तच तयारीत होता, असं मला तेव्हाच वाटलं.

संध्याकाळी मोडक्या पेटीचे तुकडे कुणीतरी आणून महेंद्रच्या शटरसमोर टाकले. शटरवर डांबरानं लिहिलं, मढंचोर.

२

महेंद्रचं दुकान माझ्या दुकानाला लागून आहे. चौथी पिढी. पणजोबा कॅम्पातल्या गोऱ्या शिपायांच्या पेट्या करायचे. गोरे कॉलऱ्यानं आणि तापानं पटापट मरायचे, त्यामुळं पणजोबांना रविवारीही सुट्टी नसायची असं महेंद्रचे आजोबा सांगायचे. गोरे गेले, मग आजोबांनी आपल्या माणसांच्या पेट्या केल्या. मिशनच्या मास्तरांच्या, नर्सबायांच्या, तान्ह्या पोरांच्या. कुणाकडून कधी भाव ठरवून घेतला नाही म्हणतात. क्रूस, पांढरं कापड, मेणबत्त्या, दोर, सगळं तिथंच मिळतं. आमच्याकडं कुणाच्या घरी रडण्याचा आवाज आला की बायका आधी म्हणतात, पेटीवाल्याला सांगा.

आता साळूबाईच्या पेटीचं. अकरा वर्षांपूर्वी ती ज्या दवाखान्यात आयुष्यभर राबली, त्याचा जुना वॉर्ड पाडला. वॉर्डाचे सागवानी दरवाजे भंगारात निघाले. ही बाई हातगाडीवर दोन दरवाजे घालून आजोबांकडं आली. म्हणाली, ह्यातून मी हजार पोरं बाहेर काढली, आता मला ह्यातच घाला. आजोबांनी पेटी केली. घरी जागा नव्हती म्हणून ती दुकानाच्या माळ्यावरच राहिली. दर नाताळाच्या आठवड्यात सिस्टर यायची, पेटी खाली काढायला लावायची, जवसाचं तेल चोळायची आणि आत झोपून बघायची. झोपल्या झोपल्या चहा मागायची. आम्ही पोरं खिडकीतून हसायचो.

तेव्हा ती उंच होती, साडेपाच फुटांची. नंतर पडली, खुबा मोडला, पाठीला बाक आला. शेवटच्या दोन-तीन वर्षांत शाळकरी पोरीएवढी झाली. गेल्या नाताळात दोघांनी धरून पेटीत झोपवली तर म्हणाली, महेंद्र, पायाकडं एक नातू मावेल रे आता.

तर ही पेटी सगळ्या गावाला माहीत. आणि गेटावर निघालं ते देवदाराचं खोकं, वर काळसर पॉलिश. कड्या मात्र त्याच, कॅम्पातल्या जुन्या पितळेच्या, आजोबांनी लावलेल्या. कड्या बघून सगळे म्हणाले, पेटी महेंद्रचीच.

शुक्रवारी दुपारी मी मागच्या दारानं आत गेलो. तो रंध्याशेजारी भुशात बसला होता. मी काय विचारलं माहीत आहे? मी विचारलं, "म्हेंद्या, विकली का रे?"

त्यानं वर बघितलंपण नाही. पहिलीपासूनचा मित्र आहे माझा. ते वाक्य मला परत घेता येत नाही, म्हणून इथं लिहून ठेवलं.

मग तो म्हणाला की गुरुवारी संध्याकाळी पाचला सागवानी पेटी त्यानं स्वतः कल्याणच्या गाडीत चढवली. उत्तमरावांनी फोन करून सांगितलं होतं, घरात गर्दी आहे, पेटी चर्चशेजारच्या खोलीत ठेवा. त्याच्या पुढचं त्याला माहीत नाही.

रविवारी उपासनेनंतर कमिटी बसणार होती. विषय एकच. महेंद्रच्या दुकानाची पेटी इथून पुढं दफनभूमीत घ्यायची की नाही. नाही म्हटलं की संपलं. पेटी आत जाणार नसेल तर दुकान काय कामाचं. पणजोबांपासूनचं नाव चोर म्हणून बंद होणार होतं, आणि हातात दीड दिवस होता.

३

पहिला कल्याणकडं गेलो. मला वाटत होतं तोच असणार. महेंद्र संपला की सगळं गिऱ्हाईक त्याचं. कल्याण पाथर्डीकडचा. त्याचा बाप तिरडीचं सामान विकायचा, बांबू, सुंभ, मडकं. हा इकडं येऊन फ्रीझर आणि एसी गाडी घेऊन बसला. पेट्या पुण्याहून तयार आणतो.

ऑफिसात पाय वर घेऊन बसला होता. म्हणाला, "ये ओंकारशेठ. श्रद्धांजली छापायची का मित्राची?"

माझं टाळकं सरकलं. मी सरळ विचारलं, पेटी तुझ्या गाडीत होती, गाडीत तयार दुसरी पेटीपण होती, हा काय योगायोग. त्यानं पाय खाली घेतले. म्हणाला, माझ्या गाडीत कायम एक पेटी असते, ये बघ. बाहेर नेऊन दाखवलं. शनिवारी सकाळी नऊला, कुणी मेलेलं नसताना, गाडीत पेटी होती.

मग मी विचारलं, गुरुवारी काय उचललं होतंस तू. तो हसला. म्हणाला, "अरे दगड होता दगड. आम्ही चौघं होतो तरी उचलेना. माझी कंबर अजून धरलीय. सागवान असंच असतं."

ह्या माणसाला गुरुवारपासून माहीत होतं की महेंद्रनं सागवानच दिलं. शुक्रवारी गेटावर उत्तमराव ओरडत होते तेव्हा हा दहा फुटांवर उभा होता.

"मग बोलला का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?" तो म्हणाला. "आणि मी कशाला सांगू? माझा तो काय पाहुणा लागतो?"

खोटं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. चोरी न करतासुद्धा माणूस इतका हलकट असू शकतो हे मला तिथं कळलं. पण रविवारी कमिटीपुढं हेच बोलशील का म्हटल्यावर, विचारलं तर बोलेन, म्हणाला. तेवढं तरी.

परतताना एक खांदेकरी भेटला. पेटी जड होती का विचारलं. म्हणाला, कुठली जड, म्हातारी अगदी फुलासारखी झाली होती, आम्ही तेच बोलत होतो.

गुरुवारी पाचला चौघांना न उचलवणारी पेटी, शुक्रवारी फुलासारखी. म्हणजे बदलली ती चर्चशेजारच्या खोलीत. त्या खोलीची किल्ली एकाच माणसाकडं असते, छगनमामाकडं. आणि छगनमामाचं महेंद्रशी दोन वर्षं बोलणं नाही.

४

छगनमामा महेंद्रच्या आजोबांच्या हाताखाली शिकलेला सुतार. चाळीस वर्षं त्यानं पेट्या केल्या. महेंद्रनं प्लायवूड वापरायला सुरुवात केली त्या दिवशी हत्यारं पिशवीत भरली आणि निघाला. म्हणाला, पुठ्ठ्यात माणसं घालायची असतील तर माझी गरज न्हाई. तेव्हापासून चर्चच्या आवाराची झाडलोट करतो.

मी गेलो तेव्हा पिंपळाखाली बसून तंबाखू मळत होता. मी रागातच होतो. म्हटलं, मामा, किल्ली तुमच्याकडं, पेटी तुमच्या खोलीत, भांडण तुमचं. सरळ सांगा.

त्यानं तंबाखू तोंडात टाकली आणि विचारलं, तुकडं कुठं हायेत. म्हटलं, शटरसमोर, जिथं टाकले तिथंच. तो उठला. दोन वर्षांनी त्या दुकानाच्या पायरीवर आला. डांबरानं लिहिलेलं वाचलं, थुंकला, आणि खाली बसून एक एक तुकडा हातात घेऊन बघायला लागला. आतून महेंद्र दारात येऊन उभा राहिला.

पाचेक मिनिटांनी मामानं तळाची फळी पालथी केली आणि हसला. वाईट हसला.

"ही सुताराची पेटीच न्हाई," म्हणाला. "म्हंजी मयताच्या पेटीच्या सुताराची न्हाई."

मग त्यानं मला शिकवलं. पेटी कड्यांनी उचलायची असते, म्हणजे सगळं वजन तळावर. म्हणून चारी बाजूंच्या फळ्यांना आतून खाच पाडतात आणि तळ त्या खाचेत बसवतात. वजन पडेल तेवढा तो घट्ट बसतो. हे पेटीच्या कामातलं पहिलं शिक्षण, पोरगं खाच पाडायला शिकेपर्यंत आजोबा त्याला दुसरं काही करू द्यायचे नाहीत. ह्या पेटीला खाच नव्हती. तळ खालून नुसता खिळ्यांनी ठोकला होता.

"खांद्यावर हुती तवर खालून खांद्याचा टेकू हुता, म्हून टिकली," मामा म्हणाला. "कड्या धरल्या आन् सगळं खिळं उपसून आलं. आन् हे बघ."

तळाच्या खालच्या अंगाला दोन आडव्या जाड पट्ट्या होत्या. मयताच्या पेटीला खाली पट्ट्या कधीच नसतात, म्हणाला, खड्ड्यात सोडताना दोर अडकतो. मग ह्या कशाला? त्यानं दोन्ही हातांची बोटं पट्ट्यांच्या मधल्या जागेत घातली आणि फळी वर उचलून दाखवली. "ज्यानं ही केली, त्याला पेटी खालूनच उचलायची सवय हाय. दोन दात घालून."

फोर्कलिफ्ट. एमआयडीसीत मशीनचे पार्ट ज्या खोक्यांत जातात, ती खोकी. खालून दोन दात घालून उचलतात, बाजूनं कुणी धरतच नाही. म्हणून तिथं तळ खालून ठोकला तरी चालतो. महेंद्र चोरी करून खोटी पेटी करायला बसला असता, तरी हाताच्या सवयीनं खाच पाडली असती. छगनमामानंही. कल्याणच्या पुण्याच्या पेट्यांनाही खाच असते, ती मी सकाळीच बघितली होती.

मामानं मग कडी उलटी केली. पितळ जुनं, स्क्रू कोरे करकरीत. आणि स्क्रूवर नजर ठेवूनच त्याला आठवलं. शुक्रवारी सकाळी सहाला एक टेम्पो आला होता. दोन पोरं होती. सिस्टरच्या घरी बसायला चर्चच्या खुर्च्या न्यायच्यात म्हणाली. मामानं खोली उघडून दिली आणि घंटेच्या दोरीकडं गेला. आतून मशीनची घरघर ऐकू आली होती. त्याला वाटलं खुर्च्यांचे नट आवळतायत.

"टेम्पो कुणाचा होता?" महेंद्रनं विचारलं. दोन वर्षांतलं मामाशी पहिलं वाक्य.

मामाला माहीत नव्हतं. नाव दिसलं नाही, ताडपत्री होती. एवढं आठवत होतं की मागच्या फळीवर स्टिकर होता, वर जाणारा बाण आणि एक पेला.

मी बाजूला जाऊन तोंड धुतलं. ते नाव तोंडात आणायची मला लाज वाटत होती. गेटावर आईसाठी सगळ्यात मोठ्यानं रडलेला माणूस होता तो.

५

बाण आणि पेला मी खोकी करणाऱ्या दहा कंपन्यांना छापून देतो. त्यावर कमिटी हलणार नव्हती. म्हणून शनिवारी दुपारी सीमाताईकडं गेलो. तिनं लग्न केलं नाही, शेवटची सहा वर्षं आईचं सगळं तिनंच केलं. सांत्वनाला आलेल्या बायका आत होत्या. तिनं मला ओट्यावर पाणी दिलं आणि म्हणाली, महेंद्रला सांग, मी त्याला काही बोलले नाही.

मी म्हटलं, ताई, दोनच गोष्टी विचारतो. शुक्रवारी सकाळी खुर्च्या आल्या होत्या का?

नाही, म्हणाली. आम्ही सगळे सतरंजीवरच बसलो होतो, गुडघे धरले म्हणून पाळकसाहेब उभे राहिले.

मग विचारलं, आईला पेटीत ठेवलं तेव्हा पायाकडं किती जागा राहिली होती?

ती उत्तर द्यायला लागली आणि थांबली. कोरी पेटी तिनं आणि दोन बायकांनी पांढऱ्या कापडानं मढवली होती. आईला तिनंच आत नीट केलं होतं. पाय टेकत होते, म्हणाली. उशी काढून टाकावी लागली. तिला तेव्हा वाटलं, बरं बसली आई. गेल्या नाताळात नातू मावेल एवढी जागा होती, हे तिच्यासमोरच तर सिस्टर म्हणाली होती.

म्हणजे खोटी पेटी ज्यानं केली त्यानं खरी पेटी मापली नव्हती. बाई मापली होती. आत्ताची, वाकलेली, लहान झालेली.

"ताई," मी विचारलं, "मधे कुणी सिस्टरचं माप घेतलं होतं का?"

तिनं हळू आवाजात सांगितलं. महिन्याभरापूर्वी दादा आला होता. टेप घेऊन आला होता. आईला पाठीला फोड येतात, तिच्या मापाची फोमची गादी करून देतो म्हणाला. डोक्यापासून पायापर्यंत माप घेतलं, खांद्यांची रुंदी घेतली. आई इतकी खुश झाली होती. आल्या-गेल्याला सांगत होती, उत्तम माझ्यासाठी गादी करतोय.

गादी आलीच नाही.

सीमाताई उठली. चपला घातल्या. आत बायकांना सांगितलंपण नाही. चौकात रिक्षा केली आणि म्हणाली, सावेडी. मी शेजारी बसलो.

बंगल्याचा वॉचमन तिला ओळखत होता, साहेबांची बहीण म्हणून त्यानं आत सोडलं. हॉलमध्ये सिमेंटच्या गोण्या होत्या आणि कोपऱ्यात ताडपत्री. तिनं ताडपत्री ओढली. पेटी अजून फोडली नव्हती. पुढच्या दाराच्या मापाच्या पेन्सिलच्या रेघा मात्र फळ्यांवर मारून झाल्या होत्या. कड्यांच्या जागी रिकामी भोकं.

मी फोटो काढले. ती रडली नाही. पेटीच्या आत हात फिरवला, तेलाचा वास घेतला आणि म्हणाली, उद्या तू बोलू नकोस. आधी मी बोलते.

६

रविवारी कमिटी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये बसली. बाहेरची माणसं दारात, खिडक्यांत. महेंद्र भिंतीला टेकून उभा. त्याला कुणी खुर्ची दिली नाही. उत्तमराव पहिल्या रांगेत, पांढरा शर्ट, डोळे सुजलेले. अध्यक्ष म्हणाले, फार न ताणता निर्णय घेऊ. उत्तमरावांनी मान हलवली, म्हणाले, माझी पोलिसात जायची इच्छा नाही, पण असा माणूस पुन्हा कुणाच्या आईच्या नशिबी नको.

हे ऐकून माझ्या मुठी वळल्या. छगनमामानं माझं मनगट धरलं.

कल्याणला विचारलं तर त्यानं जडपणाचं सांगितलं. मामानं फळी पालथी करून दाखवली, खाच नाही, पट्ट्या आहेत, हे सांगितलं. सकाळचा टेम्पो सांगितला. हॉलमध्ये कुजबुज वाढत गेली. उत्तमराव म्हणाले, नगरमध्ये खोकी करणारे शंभर आहेत, ह्यातल्या कुणाकडूनही महेंद्रनंच करून घेतली असेल.

तेव्हा सीमाताई उभी राहिली. तिनं फोटो दाखवले नाहीत, बंगल्याचं नाव काढलं नाही. एवढंच विचारलं.

"दादा, आईची गादी कुठंय?"

हॉलमधल्या कुणालाच काही कळलं नाही. फक्त उत्तमरावांना कळलं. त्यांचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला.

"शंभर वर्षांचं सागवान आहे ते," ते म्हणाले. "आता मिळत नाही तसं. मातीत घालायचं? वाळवीला? आईला काय फरक पडणार होता?"

"आईला पडला असता का माहीत नाही," सीमाताई म्हणाली. "महेंद्रला पडला."

ते म्हणाले, मी काय आईला मुद्दाम पाडलं का? माझीच आई होती ना?

आणि हे खरं होतं. मुद्दाम पाडलं नव्हतं. खोकं गुपचूप मातीत जाईल आणि कुणाला कळणार नाही, एवढाच त्यांचा हिशोब होता. मला चीड त्याची नाही. माणसाला लोभ सुटतो, दरवाजा सुंदर दिसला असता, मला समजू शकतं. पण जिवंत आईला गादी सांगून पेटीचं माप घेतलं, आणि ती खाली पडल्यावर दोन सेकंदांत, आईला उचलायच्या आधी, फळी उचलून दुसऱ्याचं नाव घेतलं. ते दोन सेकंद मी शिडीवरून बघितले आहेत. ते रडणं आणि ते नाव एकाच तोंडातून आलं.

मी हे सगळं तिथं बोललो. अर्धं बोललो असेन. अध्यक्ष म्हणाले, बस खाली, हा त्यांचा घरचा विषय आहे.

घरचा विषय. महेंद्रचं नाव शटरवर डांबरानं लिहिलं होतं तेव्हा तो गावाचा विषय होता.

७

काल पत्र आलं. कमिटीच्या लेटरहेडवर तीन ओळी. शुक्रवारच्या प्रकाराबाबत गैरसमज झाला होता. महेंद्र यांनी पूर्वीप्रमाणे पेट्या आणण्यास हरकत नाही. कळावे. उत्तमरावांचं नाव नाही. माफी नाही. ज्यांनी तुकडे आणून टाकले त्यांचा उल्लेख नाही. ते सगळे मला रोज दिसतात, चहाच्या टपरीवर असतात, महेंद्र आला की मोबाईल बघायला लागतात. डांबर महेंद्रनंच रॉकेलनं घासून काढलं.

सागवानी पेटी सीमाताईनं टेम्पो करून परत आणली. आईला उकरून त्यात ठेवता येईल का, असं तिनं पाळकसाहेबांना विचारलं होतं. ते नको म्हणाले. मग तिनं ती माळ्यावर चढवायला लावली आणि सांगितलं, माझ्यासाठी राहू दे.

मी महेंद्रला पत्र वाचून दाखवलं आणि म्हटलं, आता मी लिहिणार. तो रंधा मारत होता. म्हणाला, लिही, पण माझी चूकपण लिही.

तुझी कुठली चूक, मी चिडूनच विचारलं.

त्यानं सांगितलं. आजोबा प्रत्येक पेटीबरोबर स्वतः जायचे. दुकानातून निघाल्यापासून दोर वर येईपर्यंत पेटीला हात लावून चालायचे, मयत ओळखीचं असो नसो, ऊन असो पाऊस असो. पणजोबाही गोऱ्यांच्या पेट्यांबरोबर असेच चालायचे म्हणे. महेंद्रनं ते बंद केलं. गाडीत चढवून दिली की त्याचं काम संपलं. लोक बघतात, कपड्यांना भुसा असतो, लाज वाटायची.

"गुरुवारी मी पेटीबरोबर गेलो असतो," तो म्हणाला, "शुक्रवारी सकाळी नुसता हात लावला असता, तर मला कळलं असतं. ती पडली नसती."

तो चूक नव्हता आणि बरोबरही नव्हता.

उद्या सकाळी एक माती आहे. कॅम्पाकडच्या एका म्हाताऱ्याची पेटी करायला घेतलीय, खाचेचा तळ छगनमामा बसवतोय. महेंद्र त्या पेटीबरोबर चालत जाणार आहे. ह्यापुढं प्रत्येक पेटीबरोबर जाणार म्हणाला. मग रंधा बाजूला ठेवून, माझ्याकडं न बघता म्हणाला, एकट्यानं त्या लोकांमधून जायची छाती होत नाही रे ओम्या.

मी त्याला शब्द दिलाय. उद्या मी त्याच्या शेजारून चालणार. उद्या आणि त्याच्या पुढच्या प्रत्येक मातीला, दुकानाला कुलूप लावून, लोक त्याच्याकडं मान वर करून बघायला लागेपर्यंत.

तो म्हणाला, ये, पण कुणी काही बोललं तर तू गप्प राहायचं. तेवढं कबूल कर.

म्हटलं, येतो. तेवढंच कबूल आहे.